न सुटलेल्या गणितांची खोली: प्रकल्प नोंदी, दापोली तालुका, २०२५

किनाऱ्यालगतच्या एका माध्यमिक शाळेतली वापरात नसलेली खोली, १८ × १४ फूट. तिथे सातवी ते दहावीच्या मुलांसाठी गणितातल्या प्रसिद्ध प्रश्नांची टेबलं मांडायची आणि २२ डिसेंबरला, राष्ट्रीय गणित दिवशी, खोली उघडायची. दुसऱ्या शाळांना असं काही करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी. काय बिघडलं आणि कशाने सुधारलं, यावर भर आहे.

२१ जून २०२५. प्रश्नांची निवड

प्रसिद्ध प्रश्नांची यादी केली तेव्हा निम्मे पहिल्याच बैठकीत गळले. निवडीच्या अटी दोन. प्रश्न काय आहे हे मुलाला हाताने करून दोन मिनिटांत कळलं पाहिजे, आणि सिद्धता नेमकी कुठे अडते ती जागा टेबलावर दिसली पाहिजे. दुसरी अट पाळायला अवघड आहे, पण ती सोडली तर खोली म्हणजे नुसते गमतीचे आकडे उरतात.

रीमनची अटकळ (१८५९; मूळ संख्यांबद्दलचं, अजून सिद्ध न झालेलं विधान) स्वतंत्र टेबल म्हणून बसत नाही, कारण तिच्यासाठी संमिश्र संख्या (उणे एकाचं वर्गमूळ धरणाऱ्या) लागतात. ती पोया या गणितज्ञाच्या प्रश्नाच्या टेबलावर आडवाटेने येईल. अमेरिकेतल्या क्ले गणित संस्थेने २००० साली जाहीर केलेल्या सात प्रश्नांचं (रीमनचा त्यातलाच एक), प्रत्येकी दहा लाख डॉलरचं बक्षीस फलकावर एका ओळीपुरतंच ठेवायचं. रक्कम मोठ्या अक्षरात लावली की चर्चा पैशांचीच होते.

ठरलेली टेबलं: कापरेकर, चार रंग, कोलाट्झ, कोलाट्झच्या दोन बहिणी, गोल्डबाख, पोया. पहिली दोन सुटलेली आहेत आणि ती मुद्दाम आधी ठेवली आहेत. सुटलेला प्रश्न कसा सुटला हे हाताखालून गेल्याशिवाय न सुटलेल्यात काय कमी पडतंय ते कळत नाही.

५ जुलै. कापरेकर टेबल

द. रा. कापरेकर डहाणूचे, जन्म १९०५, देवळालीला शिक्षक. म्हणजे आपल्याच किनाऱ्याचा माणूस, त्यामुळे दारातलं टेबल त्यांचं.

कृती: चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत). अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं. ३५२४ घेतलं तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४.

पहिली चाचणी पाटी-पेन्सिलवर घेतली आणि ती २१११ वर फसली. २१११ − १११२ = ९९९. मुलं ९९९ लिहितात, उलटंसुलटं सारखंच येतं, वजाबाकी शून्य, आणि "कापरेकर चुकले" असं जाहीर होतं. खरं तर ते ०९९९ आहे: ९९९० − ०९९९ = ८९९१, पुढे ८०८२, ८५३२, ६१७४. उपाय म्हणून पाटी काढून टाकली. प्लायच्या पट्टीवर चार खाचा पाडल्या आणि अंकांच्या ठोकळ्यांत शून्याचे ठोकळे जास्त ठेवले. चारही खाचा भरल्याशिवाय पुढची पायरी नाही, एवढा नियम पुरला.

या टेबलाचा खरा जीव मात्र वरच्या तक्त्यात आहे. उतरत्या क्रमाने अंक क, ख, ग, घ असतील तर वजाबाकीचं उत्तर ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग) येतं. म्हणजे उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं. पहिला फरक १ ते ९, दुसरा ० पासून पहिल्या फरकापर्यंत. अशा जोड्या फक्त ५४. शून्याने सुरू होणाऱ्या धरून ९,९९० सुरुवाती आहेत, पण त्या सगळ्यांचा निकाल ५४ ओळींत लागतो. आठवीच्या मुलांनी त्या ओळी कार्डशीटवर स्वतः भरल्या. हा तक्ता पूर्ण झाला की ती सिद्धता झाली, काही शिल्लक राहत नाही. पुढच्या प्रत्येक टेबलाशी विचारायचा प्रश्न इथेच तयार होतो: अशी संपणारी यादी तिथे करता येते का?

१९ जुलै. साहित्य

पावसाळ्यात काम काढलं त्याचा फायदा असा की जे टिकणार नाही ते आत्ताच कळलं. लोखंडी खिळ्यांना दोन आठवड्यांत तांबडा गंज, आणि त्याचे ओघळ पांढऱ्या रंगावर. साधा प्लाय कडेला फुगला. इंकजेटवर छापलेल्या तक्त्यांची शाई दमट हवेत पसरली, लॅमिनेशनच्या आत कडेकडेने बुरशी आली. हा सगळा खर्च वाया, साधारण ९०० रुपये.

बदल: १२ मिमी मरीन प्लाय, कडांना वॉर्निशचे दोन हात, पितळी स्क्रू. तक्ते लेझर प्रिंटवर किंवा थेट फ्लेक्सवर. लॅमिनेशन नको. मोजायला चिंचोके ठेवले होते, त्यांना भुंगेरे लागले, म्हणून सागरगोटे घेतले. ते कठीण असतात, कीड लागत नाही, किनाऱ्याच्या झाडीत फुकट मिळतात आणि हातात खेळवायला मुलांना आवडतात.

९ ऑगस्ट. कोलाट्झ टेबल, पहिला भाग

लोथार कोलाट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा हा प्रश्न १९३७ सालचा. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. कुठूनही निघालात तरी शेवटी १ येतो का?

सागरगोट्यांवर ७ पासून सुरुवात उत्तम जमते: ७, २२, ११, ३४, १७, ५२, २६, १३, ४०, २०, १०, ५, १६, ८, ४, २, १. सोळा पायऱ्या, सर्वांत मोठी संख्या ५२, म्हणून डब्यात साठ सागरगोटे पुरतात. २७ मात्र सागरगोट्यांवर करायला देऊ नका. त्याला १११ पायऱ्या लागतात आणि मध्ये तो ९,२३२ पर्यंत चढतो. त्याचे शेजारी बघा: २६ दहा पायऱ्यांत संपतो, २८ अठरा पायऱ्यांत. शेजारच्या संख्येवरून काहीच अंदाज बांधता येत नाही हे या तिघांच्या आलेखांवरून लगेच दिसतं.

आलेख साध्या प्रमाणावर काढला तर वाया जातो. ९,२३२ च्या शिखरामुळे बाकी सगळं तळाशी चिकटतं. उभ्या अक्षावर दर दोन इंचांना दुप्पट (१, २, ४, ८…) असं प्रमाण घेतलं तेव्हा चढउतार दिसू लागले. या प्रमाणात निम्मं करणं म्हणजे नेहमी दोन इंच खाली, आणि तिप्पट करणं म्हणजे साधारण सव्वातीन इंच वर. सरासरीने एका तिपटीमागे दोनदा निम्मं होतं, म्हणजे सव्वातीन वर आणि चार खाली. आलेख उतरतो का, याचं सरासरीपुरतं उत्तर मुलं फूटपट्टीने काढू शकतात.

२४ ऑगस्ट. कोलाट्झ, यादीचा प्रयत्न

कापरेकरसारखी यादी इथे करून बघायची. १ सोडून प्रत्येक संख्या कधीतरी स्वतःपेक्षा लहान होते, एवढं दाखवता आलं तरी काम झालं, कारण लहान संख्येचा निकाल आधीच लागलेला असतो. सम संख्या पहिल्याच पावलात लहान होते. ४क + १ रूपाची संख्या तिप्पट अधिक एक करून दोनदा निम्मी केली की ३क + १ येते, तीही लहान. म्हणजे पाऊण संख्या दोन ओळींत निकालात निघाल्या. पुढे १६ ने भागून बाकी बघितली तर फक्त ७, ११, १५ बाक्या उरतात. ३२ ने भागलं तर ७, १५, २७, ३१. इथे आठातले सात भाग संपलेले आहेत आणि २७ उरलेल्यांत आहे, हे मुलांच्या लक्षात आलं की त्यांना फार बरं वाटतं.

मुलांना वाटतं आता ६४, १२८, २५६ करत गेलं की यादी संपेल. ती संपत नाही, आणि का संपत नाही हेही टेबलावर दाखवता येतं. ३१ म्हणजे २ च्या पाचव्या घातातून एक वजा. तो निघाला की पाच वेळा तिप्पट होतो आणि दर तिपटीमागे एकदाच निम्मा होतो: ३१, ४७, ७१, १०७, १६१, २४२ (मधल्या सम संख्या गाळून). २४२ म्हणजे ३ च्या पाचव्या घातातून एक वजा. घात पाचऐवजी पन्नास घ्या, पन्नास वेळा चढ मिळेल. यादी कितीही लांबवली तरी तिला चुकवून वर जाणारी संख्या पुढे असतेच. रिहो टेरास यांनी १९७६ मध्ये सिद्ध केलं की यादी लांबवत गेलं तर उरलेल्यांचं प्रमाण शून्याकडे जातं. पण प्रमाण शून्याकडे जाणं आणि एकही संख्या न उरणं यांत अंतर आहे, आणि प्रश्न त्या अंतरातच अडकून आहे. २०१९ मध्ये टेरेन्स टाओ यांनी "जवळपास सर्व" संख्यांबद्दल त्याहून पुष्कळ बळकट निकाल दिला, तोही याच शब्दांपाशी थांबतो.

ही जागा फलकावर सर्वांत मोठ्या अक्षरात दिली आहे. गणपतीसाठी आता दोन आठवडे काम बंद.

१३ सप्टेंबर. संगणकावरची तपासणी

शाळेच्या जुन्या संगणकावर (२ जीबी मेमरी) कोलाट्झ तपासणारा सी भाषेतला छोटा प्रोग्राम लावला. वेळ वाचावा म्हणून सगळेच करतात तशी युक्ती त्यात आहे: संख्या सुरुवातीपेक्षा लहान झाली की "तपासली" म्हणून पुढे जायचं.

प्रोग्राम झपाट्याने दहा लाखांपर्यंत गेला, एकही तक्रार नाही. फक्त सर्वोच्च आकड्याच्या रकान्यात १,१३,३८३ समोरचा आकडा त्या संख्येच्या मानाने फारच लहान दिसला. कारण असं: १,१३,३८३ ही संख्या २४८,२१,११,३४८ पर्यंत चढते. साध्या ३२ बिटांच्या चिन्हांकित (अधिक-उणे चिन्ह धरणाऱ्या) पूर्णांकात २१४,७४,८३,६४७ च्या पुढचं मावत नाही, म्हणून संगणकात तिची −१८१,२८,५५,९४८ झाली. उणे संख्या सुरुवातीपेक्षा लहान, म्हणून युक्तीने तिला "तपासली" म्हणून पास केलं. प्रोग्राम अडला असता तर चूक लगेच कळली असती. इथे तो चुकीचं प्रमाणपत्र देत सुटला.

दुरुस्ती: ६४ बिटांचा, चिन्ह नसलेला पूर्णांक, आणि प्रत्येक तिपटीआधी "मावेल का" ही तपासणी. ही तपासणी ६४ बिटांतही काढू नका. १२,३२,७८,२९,५०३ पासून निघालात तर तेही अपुरे पडतात. पायथनमध्ये पूर्णांकाला मर्यादा नाही, त्यामुळे हा धोका नाही, पण वेग बराच कमी. बरोबर चालतंय का बघायला एक खूण: दहा लाखांच्या आत सर्वांत जास्त पायऱ्या ८,३७,७९९ ला लागतात, ५२४.

जगात ही तपासणी २ च्या ७१ व्या घातापर्यंत झालेली आहे. हा आकडा बदलत राहतो, म्हणून फलकावर तो वेगळ्या पट्टीवर, दोन स्क्रूंनी बसवला आहे.

४ ऑक्टोबर. कोलाट्झच्या बहिणी

माझ्या मते अख्ख्या खोलीत हे टेबल सर्वांत महत्त्वाचं. नियमात एवढासा बदल करायचा. "तिप्पट उणे एक" घेतलं तर ५, १४, ७, २०, १०, ५ असं चक्र होतं, आणि १७ पासून निघालं तर अठरा पायऱ्यांनी पुन्हा १७. म्हणजे इथे सगळे १ ला पोचत नाहीत. "पाचपट अधिक एक" घेतलं तर १३ दहा पायऱ्यांत १३ वर परततो, आणि ७ वर वर जात राहतो. तो कधी परतणारच नाही असं दिसतं, पण तेही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.

याचा अर्थ टेबलावर उलगडायला वेळ द्यावा लागतो. आधीच्या आलेखावरचा सव्वातीन वर, चार खाली हा हिशेब "उणे एक" लाही जसाच्या तसा लागू आहे. यादीची युक्तीही तिथे तितकीच चालते. तरी तिथे चक्रं आहेत. म्हणजे फक्त सरासरी आणि यादी यांच्या आधारे कुणी कोलाट्झची सिद्धता आणली, तर तीच सिद्धता "उणे एक" लाही लागू पडेल आणि खोटी ठरेल. खरी सिद्धता "अधिक एक" मध्ये काय वेगळं आहे ते पकडणारी हवी, आणि ते अजून कुणाच्या हाती आलेलं नाही. जॉन कॉनवे यांनी १९७२ मध्ये त्याहून पुढचं दाखवलं: अशा प्रकारच्या नियमांचं व्यापक कुटुंब घेतलं तर त्यातला कुठला नियम कसा वागेल हे ठरवणारी एकच सर्वसाधारण रीत असू शकत नाही.

रचनेतली अडचण: तिन्ही नियम एकाच पाटावर मांडले होते, मुलं मध्येच नियम बदलत आणि भलतीच चक्रं सापडत. आता तीन वेगळे पाट, निळा, तांबडा, पिवळा, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नियम कोरलेला. चक्राच्या संख्या गोलात बसवल्या आहेत, म्हणजे सागरगोटा फिरून तिथेच आला की बोटाला कळतं.

२ नोव्हेंबर. गोल्डबाखच्या पट्ट्या

७ जून १७४२ च्या पत्रात गोल्डबाख यांनी ऑयलरपुढे मांडलेला प्रश्न: २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते का? आधी चौकटीची पाटी केली होती, उभ्या-आडव्या रांगांत ४७ पर्यंतच्या विषम मूळ संख्या आणि आत बेरजा. ती फसवते. त्या पाटीवर ९२ सापडत नाही (९२ = ३ + ८९, आणि ८९ पाटीवरच नाही), आणि मुलांना प्रतिउदाहरण सापडल्यासारखं वाटतं. पाटी रद्द.

त्याऐवजी मीटरभर लांबीच्या दोन पट्ट्या. दर १० मिमीला एक संख्या, आणि ज्या संख्या मूळ आहेत तिथेच ६ मिमीचं भोक, शंभरच्या आत २५ भोकं. दुसरी पट्टी उलटी लावायची आणि सरकवायची. मागे एलईडीची पट्टी. समोरासमोर येणाऱ्या आकड्यांची बेरीज १०० होईल अशी पट्टी ठेवली की जिथे प्रकाश आरपार येतो तिथे जोडी: ३ + ९७, ११ + ८९, १७ + ८३, २९ + ७१, ४१ + ५९, ४७ + ५३. सहा जोड्या, दोन्ही बाजूंनी मिळून बारा ठिपके. ९८ ला तीनच जोड्या, ६८ ला दोन.

बिघाड दोन झाले. प्लायची पट्टी दमटपणाने मीटरमागे दोन-तीन मिमी वाढली आणि टोकाची भोकं जुळेनात. ५ मिमी अ‍ॅक्रिलिक घेतलं. सुताराने पहिली दोन भोकं हाताने पाडली ती सरकली, मग जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचा साचा करून त्यावरून ड्रिल मारलं. दुसरा बिघाड अर्धवट सरकवलेल्या पट्टीचा: चंद्रकोरीसारखा प्रकाश डोकावतो आणि मुलं त्यालाही जोडी म्हणतात. खालच्या कडेला दर १० मिमीला खाच पाडून स्प्रिंगची गोळी बसवली, आता पट्टी पूर्ण संख्येवरच थांबते.

अडतं कुठे ते या पट्टीवर छान दिसतं. भोकं कुठे पडणार हे गुणाकार ठरवतो. पट्टी सरकवणं ही बेरीज आहे. मूळ संख्येची व्याख्या बेरजेबद्दल काहीच सांगत नाही. संख्या जितकी मोठी तितके ठिपके सरासरीने वाढतात, ४ × १० चा १८ वा घात इथपर्यंत तपासणीही झालेली आहे. पण पुढे कधीच एकदाही पट्टी पूर्ण काळोखी होणार नाही, हे सरासरी सांगू शकत नाही. चाळणीची (नको त्या संख्या गाळत जाण्याची) जी साधनं गणितज्ञ वापरतात त्यांना एक मूळ अवयव असलेली संख्या आणि दोन मूळ अवयव असलेली संख्या यांत फरक करता येत नाही. म्हणून चेन जिंगरुन १९७३ मध्ये फार जवळ पोचले तरी पूर्ण पोचले नाहीत: पुरेशी मोठी प्रत्येक सम संख्या म्हणजे एक मूळ संख्या अधिक अशी संख्या, जिला जास्तीत जास्त दोन मूळ अवयव आहेत. यासाठी तिसरी पट्टी केली, दोन अवयवांच्या जागी निळ्या जिलेटीनची भोकं. तिच्याशी जुळवलं की ठिपक्यांची दाटी होते.

१६ नोव्हेंबर. पोया, आकडेमोड

पोया यांची १९१९ ची अटकळ. १ पासून प्रत्येक संख्येचे मूळ अवयव मोजा (पुन्हा आलेला पुन्हा मोजा). मोजदाद सम आली तर +१, विषम आली तर −१. बेरीज करत जा. २ पासून पुढे ही बेरीज शून्याच्या वर कधीच जात नाही, असं त्यांना दिसलं. चाळणीला न दिसणारा फरक म्हणतात तो हाच, सम की विषम. म्हणून हे टेबल गोल्डबाखच्या शेजारी.

बेरीज शून्य होते ती २, ४, ६, १०, १६, २६, ४०, ९६, ५८६ वर. त्यानंतर ९० कोटींपर्यंत एकदाही नाही. मग ९०,६१,५०,२५६ ला शून्य आणि ९०,६१,५०,२५७ ला +१. अटकळ कोसळली. ती खोटी असल्याचं हेझलग्रोव्ह यांनी १९५८ मध्ये दाखवलं, आणि हे सर्वांत लहान प्रतिउदाहरण तनाका यांनी १९८० मध्ये काढलं. हे शाळेच्या संगणकावर स्वतः गाठता येतं, म्हणून इतका खटाटोप.

प्रत्येक संख्येसाठी चार बाइट धरले तर साडेतीन जीबीच्या वर मेमरी लागते. त्या यंत्रावर पहिला प्रोग्राम डिस्क खडखडवत बसला. म्हणून दहा-दहा लाखांचे खंड: प्रत्येक खंडात ३०,१०८ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देत जायचं, दर भागाला चिन्ह उलटायचं, आणि शेवटी १ पेक्षा मोठं काही उरलं तर तो आणखी एक मूळ अवयव म्हणून चिन्ह एकदा अजून उलटायचं. हे शेवटचं उलटणं विसरलं जातं. पडताळणीसाठी: १०० पर्यंतची बेरीज −२, १,००० पर्यंतची −१४. एवढं जुळल्याशिवाय लांबचा प्रवास सुरू करू नये.

वीज. खंड संपला की खंडाचा क्रमांक आणि बेरीज फाइलमध्ये जाते, म्हणून वीज गेली तरी हरकत नाही असं धरलं होतं. पण फाइल लिहितानाच वीज गेली आणि फाइल रिकामी झाली, पुन्हा पहिल्यापासून. आता आधी वेगळ्या नावाने लिहायचं आणि मग नाव बदलायचं, म्हणजे जुनी नोंद मरत नाही. शिवाय यूपीएसला नवी बॅटरी.

७ डिसेंबर. पोया, छपाई. चार रंग

पूर्ण आलेख १२ फुटी फ्लेक्सवर छापून आणला. रेघ शून्याखालून चालत राहते आणि जिथे ती वर येते ती जागा दिसतच नाही. हिशेब केला तेव्हा कळलं: बेरीज धन असण्याचा पट्टा ९०,६१,५०,२५७ ते ९०,६४,८८,०७९, म्हणजे तीन लाख अडतीस हजारांच्या आत, आणि १२ फुटांवर तो दीड मिलिमीटरही भरत नाही. फ्लेक्स फेकला नाही. त्या जागी पितळी खिळा मारला आणि तिथून दोरीने दुसरा, मोठा केलेला आलेख जोडला. त्यावर ९०,६३,१६,५७१ ला बेरीज ८२९ पर्यंत जाते ते स्पष्ट दिसतं. झाला तो बिघाड या टेबलाला फळला: मूल बारा फूट चालत येतं, काहीच होत नाही, आणि शेवटी खिळा.

रीमनशी नातं फलकावर दोन वाक्यांत दिलं. पोयाची अटकळ खरी ठरली असती तर रीमनचीही खरी ठरली असती. ती पडली म्हणून रीमनची पडत नाही. तिला एवढंच हवं की ही बेरीज दोन्ही बाजूंना वर्गमुळाच्या आसपासच राहावी, आणि ९० कोटींच्या वर्गमुळापुढे (सुमारे तीस हजार) ८२९ किरकोळ आहे.

चार रंगांचं टेबल पटकन झालं. रत्नागिरी जिल्ह्याचे नऊ तालुके प्लायमध्ये कापून चार रंगांची झाकणं. शेजारचे भाग वेगळ्या रंगाचे ठेवून कुठलाही नकाशा चार रंगांत रंगवता येतो का, हा १८५२ चा प्रश्न, १९७६ मध्ये अ‍ॅपेल आणि हाकेन यांनी संगणकाच्या मदतीने सोडवला. नकाशे अनंत, पण ते सगळे मोजक्या आकृत्यांच्या यादीवर आणता आले. १९९७ च्या सुधारित सिद्धतेत ती यादी ६३३ ची आहे. कापरेकरच्या ५४ ओळींशेजारीच हे लावलं. मंडणगड आणि दापोली एकाच रंगाचे करू नका एवढंच सांगावं लागतं.

२२ डिसेंबर. खोली उघडली

कापरेकरपाशी गर्दी, पट्ट्यांपाशी रांग. कोलाट्झच्या बहिणींचं टेबल वाटाड्याशिवाय चालत नाही. तिथे नववीची दोन मुलं तयार करून उभी करावी लागतात. पालकांचा नेहमीचा प्रश्न, इतके कोटी तपासल्यावर अजून काय हवं? उत्तर तोंडाने देऊ नका, पोयाच्या फ्लेक्सवरून चालवत न्या. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रँग्लर परांजपे यांच्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं, त्यांची माहिती दारात लावायची राहिली आहे.

सागरगोटे संध्याकाळपर्यंत निम्मे गेले. डबा मोठा करण्याऐवजी रोज सकाळी मोजून साठ ठेवायचे.

११ जानेवारी २०२६. खर्च आणि शिल्लक काम

मरीन प्लाय दोन शीट ६,४००. पितळी स्क्रू-खिळे १,१५०. सुतारकाम ४,५००. फ्लेक्स आणि छपाई २,३००. यूपीएस बॅटरी १,४००. रंग, वॉर्निश, अ‍ॅक्रिलिकचे तुकडे १,३८०. वाया गेलेले ९०० धरून एकूण १८,०३० रुपये. एलईडी आणि संगणक शाळेचेच. सर्वांत जास्त वेळ गोल्डबाखच्या भोकांनी आणि पोयाच्या आकडेमोडीने खाल्ला. दोन्ही पावसाळ्यानंतर सुरू केली असती तर निम्म्यात झाली असती.

शिल्लक: कापरेकरची कृती पाच अंकांवर. तिथे एकच संख्या मिळत नाही, चक्रं मिळतात, उदाहरणार्थ ७४९४३, ६२९६४, ७१९७३, ८३९५२ आणि पुन्हा ७४९४३. पाचव्या खाचेचे ठोकळे तयार आहेत. तक्त्याच्या ओळी किती होतील हे दहावीच्या मुलांनी काढायला घेतलं आहे. इथे मधला अंक वजाबाकीत कटतो, त्यामुळे पुन्हा दोनच फरक उरतात, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं.

कोलाट्झच्या पट्टीवरचे स्क्रू मार्चमध्ये ग्रीस लावून पुन्हा बसवायचे.